घाटात चढणाऱ्या ट्रकने चारी दिवे लावावेत का?

मृदुला_कोथरूड

मागच्या शुक्रवारी रात्री आई आणि मी पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो. गाडी मी चालवत होते. शिरवळला चहा झाला, खंडाळा मागे पडलं आणि खंबाटकीचा चढ सुरू झाला. (लोणावळ्याचं खंडाळा नव्हे, साताऱ्याचं. दर वेळी सांगावं लागतं.)

एका वळणानंतर अचानक समोर चारी दिवे मारणारा ट्रक दिसला. मला वाटलं, बंद पडलाय. मी करकचून ब्रेक दाबला. मागच्या गाडीवाल्याने आरशात मावेनात एवढे डिपर मारले आणि माझ्या डिकीपासून हातभर अंतरावर थांबला. ट्रक मात्र उभा नव्हताच. गोगलगाईसारखा का होईना, चढत होता.

त्यानंतर पाचच मिनिटांनी दुसरा ट्रक. याच्यामागे एकही दिवा नाही, चिखलाने माखलेली फळी आणि त्यावर अस्पष्ट 'हॉर्न ओके प्लीज'. माझ्या उजेडात आला तेव्हा जेमतेम वीस-पंचवीस मीटरवर होता. पुन्हा ब्रेक, पुन्हा मागून शिव्या.

म्हणजे दिवे लावले तरी घाबरले, नाही लावले तरी घाबरले. आता कोल्हापुरात मावसभावाशी वाद चालू आहे. तो म्हणतो, चढावर हॅझर्ड (म्हणजे हेच चारी दिवे, सगळे इंडिकेटर एकदम लुकलुकवणं) लावणं सक्तीचं करा. मी म्हणते, हॅझर्ड म्हणजे गाडी उभी आहे, चालत्या गाडीने तो लावूच नये. घाटात नेहमी गाडी चालवणाऱ्यांनी सांगा.

डोंगरवेडा

मावसभाऊ +१. दिसणं महत्त्वाचं.

तिसरा_गिअर

आधी ट्रक इतका हळू का चढतो ते बघू, कारण 'मुद्दाम रखडवतात' असं म्हणणारे इथे येतीलच.

समजा सगळा मिळून ४० टनांचा ट्रेलर आहे आणि इंजिन २०० एचपीचं. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमधली घट जाऊन चाकापर्यंत साधारण १२५ किलोवॅट पोचतात. रस्त्याला ५ टक्के चढ, म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर ५ मीटर वर. टायरचं घर्षण धरून हिशेब केला तर वेग येतो ताशी २० किलोमीटर. ड्रायव्हरने पाय फळीला टेकवला तरी २०च. चढ ७ टक्के झाला की १५. त्यात कुणी १० टन जास्तीचे भरले असतील तर आणखी कमी. कारमध्ये आपल्याला असा चढ जाणवतसुद्धा नाही, म्हणून ट्रकवाला आळशी वाटतो.

आता मागून येणाऱ्याचं बघा. तुम्ही ८०ने, तो २०ने. फरक ६०चा, म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटर. १०० मीटरवर ट्रक दिसला तर हातात ६ सेकंद. त्यातले दीड-दोन 'हे काय आहे' हे कळण्यात जातात. मृदुलाताईंना दुसरा ट्रक २५ मीटरवर दिसला. वेग आधीच कमी असणार म्हणूनच हा धागा निघाला.

मुद्दा एवढाच की लाल टेललाइट 'पुढे गाडी आहे' एवढंच सांगतो, ती ८०ने जातेय की २०ने ते सांगत नाही. अंधारात दोन लाल ठिपक्यांवरून अंतर आणि वेग दोन्हींचा अंदाज डोळ्याला नीट येत नाही. हॅझर्डचा उपयोग असलाच तर तो हा वेगातला फरक कळवण्यासाठी.

एक्सप्रेसवे_पीडित

उपयोग म्हणे. खालापूरच्या पुढे जुना हायवे आणि एक्सप्रेसवे जिथे एकत्र येतात तिथून लोणावळ्याच्या खंडाळ्यापर्यंत शनिवारी सकाळी जाऊन बघा. तीन लेन, तीन ट्रक, तिघांचेही चारी दिवे चालू. दिवाळीच. जड वाहनाने डावीकडे राहायचं हा नियम लिहिलेल्या पाट्या जागोजागी आहेत, त्या यांना दिसत नाहीत. हॅझर्ड म्हणजे यांच्यासाठी 'मी आता काहीही करणार, तुम्ही बघून घ्या' याचा परवाना. आधी लेन पाळा म्हणावं, मग दिव्यांचं बोला.

श्टुटगार्टचा_शिरीष

पीडित, तीन ट्रक तीन लेनमध्ये हे फक्त आपल्याकडचं नाही. एक ट्रक २०ने आणि दुसरा २२ने चढत असेल तर मागच्याला पुढे जायला सव्वा मिनिट लागतो आणि तेवढ्यात ते दोघं मिळून चार-साडेचारशे मीटर रस्ता अडवतात. जर्मन लोक याला 'हत्तींची शर्यत' म्हणतात.

इथला हॅझर्डचा नियम सांगतो. बंद पडलेली गाडी आणि टो करणं सोडलं तर हॅझर्ड एरवी दोनच कारणांसाठी लावायची परवानगी आहे, आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला धोका असेल तेव्हा किंवा पुढच्या धोक्याची सूचना द्यायची असेल तेव्हा. कायद्यात उदाहरणंही दिली आहेत. पुढे वाहतूक तुंबलेली दिसली तर, आणि ऑटोबानसारख्या वेगवान रस्त्यावर फारच हळू जावं लागत असेल तर. म्हणजे मावसभावाचं निम्मं बरोबर. आमच्या जवळच ए-८ महामार्ग आल्बच्या डोंगरावर चढतो, तिथे लादलेले ट्रक दिवे लावून चढताना दिसतात आणि कुणी दचकत नाही.

पण मला शिकवणाऱ्या मास्तरांची एक गोष्ट डोक्यात बसली आहे. जाम दिसला की चारी दिवे लाव, आरशात बघत राहा, मागचा हळू झाला आणि त्यानेही लावले की तुझे बंद कर. निरोप पोचला, आता तो त्याच्या मागच्याला देईल.

लंडनहून_नीता

ब्रिटनमध्ये याच्या बरंच उलट. गाडी चालू असताना हॅझर्ड लावू नका हाच मूळ नियम. अपवाद मोटरवे आणि मध्ये दुभाजक असलेल्या वेगवान रस्त्याचा, तोही पुढच्या धोक्याची मागच्यांना सूचना देण्यापुरता. मृदुला, तुझ्या बाजूने एक देश आला.

नाना_वाई

एसटीत ३१ वर्षं काढली. पसरणी, कुंभार्ली, आंबेनळी, खंबाटकी, सगळीकडे चाक फिरवलंय. चारी दिव्यांचं बटण आमच्या गाड्यांना नव्हतंच आधी. हात होता. उजवा हात खिडकीबाहेर काढून खालीवर हलवला की मागच्याने समजायचं, हळू. पुढे बोलावल्यासारखा हलवला की 'ये'. रात्री हात दिसायचा नाही म्हणून मग इंडिकेटर आला आणि तिथून गोंधळ सुरू झाला. एक ड्रायव्हर उजवा इंडिकेटर देऊन म्हणतो 'जा पुढं', दुसरा तोच उजवा देऊन म्हणतो 'थांब, समोरून गाडी आहे', आणि तिसऱ्याला खरंच उजवीकडे वळायचं असतं. मागच्याने काय समजायचं? आता चारी दिव्यांचंही तेच झालंय. कुणी उभा आहे म्हणून लावतो, कुणी पावसात लावतो, कुणी बोगद्यात लावतो, आणि चौकात सरळ जायचं म्हणून लावणारे तर रोज भेटतात. एका बटणाचे पाच अर्थ.

मृदुलाबाई, एक विचारू का? वळणावर वेग किती होता?

मृदुला_कोथरूड

नाना, साठ असेल. पासष्ट. बरं, सत्तर.

नाना_वाई

तेच म्हटलं. जेवढा रस्ता दिव्यात दिसतो तेवढ्यात थांबता आलं पाहिजे एवढाच वेग घाटात. ट्रकच काय, म्हैस बसलेली असते रस्त्यात. तिला चारी दिवे नसतात.

डोंगरवेडा

म्हैस 😂😂 नाना, दंडवत.

बुलेटवाली_प्राची

दुचाकीवरून दिसणारी एक गोष्ट कुणी बोललं नाही. ट्रकच्या मागे थोडी तिरकी असले, किंवा मध्ये दुसरी गाडी असली, की मला चारपैकी एकाच बाजूचा दिवा दिसतो. उजवा लुकलुकतोय, म्हणजे हा उजवीकडे येणार, म्हणून मी डावीकडे सरकते. प्रत्यक्षात हॅझर्ड चालू असतो आणि ट्रक डावीकडेच घसटत असतो. ताम्हिणीत असं दोनदा झालंय. एकीकडचा बल्ब गेलेला असला तर बरोबर मागून बघूनही हॅझर्ड आणि इंडिकेटर यात फरक कळत नाही. आणि आपल्याकडे ट्रकचे सगळे बल्ब चालू असणं म्हणजे योगच म्हणायचा.

बारा_टायर

राम राम मंडळी. मी कराडकडचा. दोन गाड्या हायेत आता, पण त्याआधी सवता बारा वर्षं स्टेरिंगवर काढली. पुणे-बेंगलोर लाइन. एवढं सगळं ट्रकवाल्याबद्दल बोलताय तर ट्रकवाल्याचं बी ऐका.

पयली गोष्ट, आमच्यात त्याला 'पार्किंग' म्हणतात. पार्किंग टाक, पार्किंग काढ. नावातच उभं राहायचं हाय, तवा मृदुलाताई दचकल्या त्यात त्यांची चूक न्हाई.

दुसरी गोष्ट कारवाल्यांना ठाऊकच नसती. पार्किंग चालू असलं की इंडिकेटर चालत न्हाई. दांडी वर करा, खाली करा, मागं चारी दिवे तसंच लपकत राहत्यात. आता बघा, मी डाव्या लेननं पार्किंग टाकून चढतोय. पुढं एक गाडी उभी. रेडिएटर उकळला असंल न्हाईतर क्लचप्लेट गेली असंल, चाकाखाली दगड लावून ड्रायव्हर खाली बसलाय. मला तिला वळसा घालून उजवीकडं यायचंय. मागच्या कारला ते कसं सांगू? पार्किंग काढून उजवा इंडिकेटर टाकायला पायजे. रात्री दोन वाजता, दुसऱ्या गिअरवर, तीस टनाला वर वढताना दहातले सात जण ते इसरत्यात. गाडी तशीच उजवीकडं घालत्यात. आन मग कारवाला म्हणतो, ट्रकवाले माजल्यात.

तिसरी गोष्ट, आमी थांबत का न्हाई. चढावर भरलेली गाडी एकदा उभी राहिली की परत उचलताना क्लच जळतो, वास गाडीभर येतो. खर्च कुणाच्या खिशातनं? म्हणून गिअर सुटू द्यायचा नसतो. कारवाला फुडं येऊन कचकन लेन कापतो, आमाला पाय उचलावा लागतो, गिअर पडतो, आन गाडी २०ची १०वर येती. मग अर्धा घाट त्याच गिअरला. एका कारनं पाच सेकंद वाचवलं, मागं शंभर गाड्या रांगंत. अरुंद घाटात चढणाऱ्याला पयली वाट द्यायची, उतरणाऱ्यानं थांबायचं, असा कायदाच हाय. तो का केला ते हेच.

लेनचं पीडितसायबांना सांगतो. डाव्या लेनला जड गाड्या चालून चालून डांबराला घळी पडत्यात, बंद पडलेल्या गाड्याबी तिकडंच, फांद्या आन दगड टाकलेलं तिकडंच, गाडी निघून गेली तरी ते दगड तिथंच. मी म्हणत न्हाई की तिसऱ्या लेनला ट्रक बरोबर हाय. न्हाईच. पण मधल्या लेनला कुणी हौसंनं येत न्हाई.

एक्सप्रेसवे_पीडित

मान्य, इंडिकेटर बंद होतो हे माहीत नव्हतं. आत्ता खाली पार्किंगमध्ये जाऊन माझ्या गाडीत बघितलं, खरंच दांडीचा काही उपयोग होत नाही. वॉचमनने विचारलं काय झालं.

तिसऱ्या लेनबद्दलचं मत तेच आहे.

कोलोराडोकर

डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा आय-७० हा रस्ता आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत चढतो. बोगदा ११,००० फुटांच्या वर, त्यामुळे आपल्या घाटांपेक्षा चढ बराच लांब. भरलेले ट्रक उजव्या कडेच्या लेनमधून (इथे हळू जाणाऱ्यांची लेन उजवी) चारी दिवे लावून रांगेने चढतात. अमेरिकेत याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, काही ठिकाणी चालत्या गाडीने हॅझर्ड लावणंच मना आहे.

इथे ते चालतं याचं कारण मला दिव्यापेक्षा लेन वाटते. लुकलुकणारा ट्रक कडेच्या लेनमध्येच असणार हे आधीच माहीत असतं, त्यामुळे दिवा दिसला की मी फक्त ती लेन सोडते. खंबाटकीत दिवा दिसला तरी तो कुठल्या लेनमध्ये आहे, उभा आहे की चालतोय, आणि पुढच्या क्षणी कुठे जाईल, यातलं काहीच ठरलेलं नाही.

सांगलीचा_गूळ

अवांतर, पण हॅझर्ड लावायला आधी मागे दिवा तर असायला हवा. ऊस सुरू झाला की आमच्याकडे एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, बाहेर आलेले उसाचे वाढे, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. पुढे मात्र डेकवर गाणी एवढ्या मोठ्याने की मागचा हॉर्न त्याला ऐकू जात नाही. पुलाचा साधा चढ असला तरी हे माणसाच्या चालीने जातात. हंगामात पोलीस आणि कारखाने मिळून रिफ्लेक्टर लावतात, फोटो छापून येतो, आणि महिन्याभरात त्यावर चिखलाचा थर. माझ्या शाळेतला एक मित्र अशाच ट्रॉलीवर मागून आदळून गेला. जास्त लिहीत नाही.

संपादक

टोल आणि सरकारवर गेलेले तीन प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढावा.

तिसरा_गिअर

गूळ, वाईट वाटलं वाचून.

रिफ्लेक्टरवरून, जड गाड्यांना परावर्तक टेप लावण्याचा नियम आहे. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. ही टेप नीट असली आणि पुसलेली असली तर तुमच्याच हेडलाइटने ट्रकचा अख्खा चौकोन उजळतो. त्याला बल्ब लागत नाही, वायर लागत नाही, ड्रायव्हरने बटण दाबायला विसरण्याचा प्रश्नही नाही. शिवाय गाडीची पूर्ण रुंदी दिसते आणि जवळ जाताना चौकोन भराभर मोठा होत जातो, त्यावरून आपण वेगाने जवळ जातोय हे दोन ठिपक्यांपेक्षा लवकर कळतं. मृदुलाताईंच्या दुसऱ्या ट्रकला हॅझर्डची नाही, फडक्याची गरज होती.

धुक्यातला_आंबोलीकर

पावसाळ्यात आंबोली-गगनबावड्याला या. सगळेच हॅझर्ड लावून चालतात, कार, ट्रक, जीप. धुक्यात प्रश्न पडतो, की हा उभा आहे का चालतोय? मी एकदा अशाच दिव्यामागे तो चालतोय समजून चाललो होतो, तो प्रत्यक्षात कडेला मक्याचं कणीस खात थांबलेला. नशीब, मीसुद्धा चालीनेच होतो.

मृदुला_कोथरूड

बारा टायर दादा, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, बघ, उगाच शिव्या घालत होतीस.

एक विचारायचं होतं. तुम्ही स्वतः चढताना काय करायचा? लावायचा की नाही?

बारा_टायर

खरं सांगू का ताई, नियम म्हणून न्हाई, सवय म्हणून सांगतो. गाडी वीसच्या खाली आली की आरशात बघायचं. मागं रस्ता मोकळा, लांबनं एखादा उजेड जोरात येतोय, तर पार्किंग टाकायचं. तो आला, हळू झाला, माझ्या मागं लागला, की काढायचं. आता त्याला ठाऊक हाय मी हळू हाय, त्याला सांगून काय करू? उलट माझा इंडिकेटर मोकळा पायजे, कारण आता तो जवळ हाय आन मी कुठं वळणार ते त्याला कळायला पायजे. त्याच्या मागं आणखी कोण येतोय त्याला त्यानं सांगावं.

श्टुटगार्टचा_शिरीष

दादा, हे तर आमच्या मास्तरांचंच झालं. त्यांनी फी घेतली होती.

बारा_टायर

मी मार खाऊन शिकलो. क्लीनर व्हतो तवा. वस्ताद म्हणायचा, दिवा आपल्यासाठी न्हाई लावायचा, मागच्यासाठी लावायचा, आन मागं कोण हाय ते बघितल्याबिगर लावायचा न्हाई.

पण खोटं कशाला बोलू, आता माझ्या गाडीवर जी पोरं हायेत ती घाट लागला की पार्किंग टाकत्यात आन घाट उतरून सुरूर फाटा आला तरी काढत न्हाईत. उतारालासुद्धा चालूच.

नाना_वाई

उताराला चालू म्हणजे कठीण. उताराला ब्रेकच्या लाल दिव्यावर लक्ष पाहिजे मागच्याचं, तिथे हे पिवळं लपकत बसलं तर लाल कुणाला दिसणार? आणि तुमची पोरं उताराला गिअरमध्ये असतात ना? चढताना जो गिअर, उतरताना तोच, एसटीत पहिल्या दिवशी हेच शिकवलं. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे कसे येतात ते आपण दर थोड्या दिवसांनी वाचतोच. चढावर हळू ट्रक असतो तो दिसतो तरी. उतारावरचा आपल्या मागे असतो.

बारा_टायर

न्यूट्रलला माझ्याकडं थेट घरी पाठवतो नाना. ते एक सोडत न्हाई.

एक्सप्रेसवे_पीडित

धाग्यावर पहिल्यांदा ट्रकवाल्याशी सहमत. नोंद घ्यावी.

मृदुला_कोथरूड

काल परत आलो. येताना साताऱ्याकडून खंबाटकीला बोगदा, त्यामुळे चढ नव्हता, पण बोगद्याच्या अलीकडे एक कंटेनर रखडत होता. मागे फक्त मीच होते, बऱ्याच लांब. त्याने चारी दिवे लावले. मी जवळ आले, वेग कमी केला आणि त्याने बंद केले. पुढे उजवा इंडिकेटर देऊन एका बंद टेंपोला वळसा घातला. आई म्हणाली, हा कराडचा दिसतोय.

तिसरा_गिअर, फडकं गाडीत ठेवलंय. माझेच टेललाइट कधी पुसले नव्हते ते लक्षात आलं.

बारा_टायर

कंटेनर आमचा न्हवता ताई. पण टेंपो कुठल्या रंगाचा व्हता? सातारच्या भाच्याचा काल तिथंच बंद पडलाय, आन फोन उचलंना.